पाटी हाती आली ती लग्नानंतर

मागे वाशीमजवळच्या एका खेड्यात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. रजिस्टरवर सह्या चालल्या होत्या. एका मावशींची पाळी आली, तशी त्यांनी अंगठा टेकवला आणि शाई गुपचूप पदराला पुसली. सही शिकवू का, असं मी विचारलं, तर हसून म्हणाल्या की आता नातवंडं शाळेत जातात, माझं काय राहिलं! घरी येताना मला सारख्या रमाबाई रानडे आठवत होत्या.

'उंच माझा झोका' या मालिकेमुळे त्या आपल्या घराघरांत पोचल्या. पण मैत्रिणींनो, त्यांच्या शिक्षणाची सुरुवात शाळेत झालीच नव्हती, हे पुन्हा आठवायला हवं.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. माहेरचं नाव यमुना. मुलींना शिकवायची तेव्हा रीत नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे एकतीस वर्षांचे, बिजवर. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि कुमारिकेशी लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. ती टीका खोटी नव्हती. पण आलेल्या मुलीला निरक्षर ठेवायचं नाही, हे मात्र त्यांनी ठरवलं. लग्नानंतर लगेच मुळाक्षरांपासून धडे सुरू झाले.

नवरा शिकवायला तयार, म्हणजे सगळं सोपं झालं असं आपल्याला वाटेल. तसं नव्हतं. घरात सासू, नणंदा, नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेनं पुस्तक हाती धरणं त्यांना पसंत नव्हतं, आणि इंग्रजी तर मुळीच नाही. टोमणे, अबोला, सगळं झालं. नवरा दिवसभर कचेरीत. स्वयंपाकघरात दिवस काढायचा तो रमाबाईंनाच. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, कामात कसूर केली नाही आणि अभ्यासही सोडला नाही. पुण्यात मिस हरफर्ड यांच्याकडे त्या इंग्रजी शिकल्या. मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत त्यांनी चारचौघांत इंग्रजी निवेदन वाचलं, तेव्हा घरात पुन्हा वादळ उठलं. पण १८८४ साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली.

१९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाईंची चाळिशीही उलटली नव्हती, मूलबाळ नव्हतं. त्या काळच्या विधवेनं कोपऱ्यात बसावं, हीच अपेक्षा. काही काळानंतर त्या पुन्हा कामाला लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचं काम आपल्या राहत्या वाड्यात सुरू केलं. तिथे येणाऱ्या पुष्कळशा मोठ्या वयाच्या होत्या, कुणी संसारी, कुणी विधवा. लिहिणं-वाचणं, शिवण, शिक्षिकेचं काम, परिचारिकेचं काम असं त्यांना शिकवलं जाई. चांगल्या घरच्या बाईनं दवाखान्यात रुग्णसेवा करणं लोकांना तेव्हा कमीपणाचं वाटे. सेवासदनानं त्यासाठीही बायका तयार केल्या. पोटापुरतं कमावता आलं की विधवेला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

अकराव्या वर्षी अक्षरओळख नसलेल्या या बाईनं १९१० साली आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. पुढे १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीचं शिक्षण फक्त मुलांना द्यायचा विचार चालला, तेव्हा मुलींनाही ते हवं म्हणून झालेल्या बायकांच्या चळवळीत त्या पुढे होत्या. १९२४ साली त्या गेल्या.

आता आपल्याकडे बघू. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्यात सात वर्षांवरच्या चार बायका-मुलींमागे साधारण एक निरक्षर होती. सोयी नाहीत असं नाही. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. शाळा सुटलेलीला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसता येतं. बारावी झालेलीला नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. पण सोयाबीनच्या सोंगणीत ठेवलेल्या वर्गाला कोण येणार? बाईची वेळ बघूनच वर्ग ठेवावा लागतो.

आणि दुसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. रमाबाईंना जास्त अडवलं ते घरातल्या बायकांनीच. आज ती सासू, ती जाऊ, ती नणंद आपणच आहोत. सून वही घेऊन बसली तर तेवढा वेळ कणीक आपण मळावी. सासूबाईंना सही शिकायची असेल तर सुनेनं पाटी आणून द्यावी.

मी त्या मावशींना पुढच्या बैठकीला लवकर यायला सांगितलंय. पाटी-पेन्सिल माझ्या पिशवीत आहे.