विश्लेषण : ‘बीटल्स’च्या जॉर्ज हॅरिसनचा पहिला अल्बम मुंबईत कसा घडला?

‘बीटल्स’ या बँडमधून स्वतःच्या नावावर पहिला अल्बम कोणी काढला, असे विचारले तर बहुतेक जण जॉन लेनन किंवा पॉल मॅकार्टनीचे नाव घेतील. खरे उत्तर आहे जॉर्ज हॅरिसन. शिवाय ‘वंडरवॉल म्युझिक’ या त्या अल्बमचा बराचसा भाग ध्वनिमुद्रित झाला तो मुंबईत, फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. लंडनचा अत्याधुनिक स्टुडिओ हाताशी असताना तो इथे का आला?

कंडक्टरचा मुलगा…

हॅरिसनचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील बस कंडक्टर, चार भावंडे, घर लहान आणि शौचालय अंगणात. शाळेच्या बसमध्ये त्याची मॅकार्टनीशी ओळख झाली आणि १९५८ मध्ये, जेमतेम पंधराव्या वर्षी, तो लेननच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. १९६० मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या नाइट क्लबांमध्ये बँडला काम मिळाले, पण १७ वर्षांचा हॅरिसन अल्पवयीन असल्याचे उघड झाल्यावर त्याची मायदेशी रवानगी झाली. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘लव्ह मी डू’ प्रसिद्ध झाले. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे.

अल्बममागे एक-दोन गाणी…

कमी चर्चा होते ती बँडमधल्या वाटणीची. गाणी लिहिणार लेनन आणि मॅकार्टनी, हे सुरुवातीपासूनच ठरल्यासारखे होते. हॅरिसनच्या वाट्याला अल्बममागे एखाद-दुसरे गाणे यायचे. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये तीन मिळाली, तर ती मोठी बढती ठरली. त्यातले पहिलेच ‘टॅक्समन’, ब्रिटनमध्ये तेव्हा वरच्या उत्पन्नावर ९५ टक्क्यांपर्यंत लागणाऱ्या करावरची तक्रार. ‘बीटल्स’च्या सगळ्या अधिकृत गाण्यांत हॅरिसनची गाणी अवघी २२ आहेत. तो वयाने सर्वांत लहान होता आणि इतर दोघांच्या लेखी शेवटपर्यंत लहानच राहिला, असे म्हणायला हरकत नाही.

सतार कुठून आली?

१९६५ मध्ये ‘हेल्प!’ चित्रपटात एका भारतीय रेस्तराँचा प्रसंग होता. त्या सेटवर त्याने सतार पहिल्यांदा हातात घेतली. त्याच वर्षी ‘नॉर्वेजियन वूड’मध्ये ती वाजली, अर्थात नवख्या हाताने. पुढच्या वर्षी ‘लव्ह यू टू’ या गाण्यावर तबला वाजवला तो लंडनमध्ये असलेल्या अनिल भागवत यांनी आणि त्यांचे नाव ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर छापले गेले. बाहेरच्या वादकाला ‘बीटल्स’च्या वेष्टनावर जागा मिळणे तेव्हा दुर्मीळ होते.

जून १९६६ मध्ये पं. रविशंकर यांची भेट झाली आणि सप्टेंबरमध्ये हॅरिसन शिकायला मुंबईत आला. ओळख लपवण्यासाठी त्याने मिश्या वाढवल्या होत्या, ताजमहाल हॉटेलात खोटे नाव नोंदवले होते. काही उपयोग झाला नाही. बातमी फुटली, हॉटेलबाहेर गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली. शेवटी गुरू-शिष्य काश्मीरला, दल सरोवरातल्या हाऊसबोटीवर गेले. सतारीला उशीर झाला आहे, आपण पट्टीचे वादक होणार नाही, हे हॅरिसनने पुढे दोनेक वर्षांत ओळखले आणि तो गिटारकडे परतला. सूर मात्र कायमचा बदलला होता.

फोर्टमधले ते दिवस…

जानेवारी १९६८ मध्ये तो परत आला तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे पार्श्वसंगीत करायला. इथे कोटा नव्हता, सगळे निर्णय त्याचेच होते. वादक जमवायला मदत केली सतारवादक शंभू दास यांनी. कलाकारांची यादी आज वाचली तर थक्क व्हायला होते: सरोदवर आशिष खाँ, संतूरवर तिशीतले शिवकुमार शर्मा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंगरेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र.

यंत्रसामग्री मात्र बेताची होती. स्टिरिओ ध्वनिमुद्रणासाठी लागणारे दोन ट्रॅकचे यंत्र भास्कर मेनन यांनी कोलकात्याहून रेल्वेने मुंबईत आणले. दोन ट्रॅक म्हणजे काय, तर पंधरा वाद्ये वाजली तरी टेपवर उतरणार दोनच पट्ट्यांत. नंतर सनई कमी, तबला जास्त, असे करता येत नाही. कोणाला माइकजवळ बसवायचे आणि कोणाला लांब, हे आधीच ठरवावे लागते. त्यात खोलीचा ध्वनिरोध कच्चा, त्यामुळे रस्त्यावरची वाहतूक आत ऐकू यायची.

चित्रपटाचे काम संपल्यावर त्याने त्याच मुक्कामात आणखी एक वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केला. त्यात बासरी होती हरिप्रसाद चौरसिया यांची. लंडनला जाऊन त्यावर स्वतःचा आवाज चढवला आणि ‘द इनर लाइट’ तयार झाले. मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आले. ‘बीटल्स’च्या सिंगल रेकॉर्डवर आलेले हॅरिसनचे हे पहिले गाणे आणि त्यातली सगळी वाद्ये मुंबईत वाजलेली!

साठा आणि खटला…

१९७० मध्ये बँड फुटला तेव्हा हॅरिसनकडे न घेतलेल्या गाण्यांचा ढीग होता. त्यातून त्या नोव्हेंबरात ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ आला, थेट तीन तबकड्यांचा. त्यातले ‘माय स्वीट लॉर्ड’ ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पाठोपाठ खटलाही आला. ‘शिफॉन्स’ या गटाच्या १९६३ च्या ‘हीज सो फाइन’शी चाल जुळत होती. १९७६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की ही नक्कल नकळत झाली असली तरी ती नक्कलच आहे. संगीत क्षेत्रातले वकील आजही या निकालाचा आधार घेतात. गंमत अशी, की सुरुवातीला या खटल्यात हॅरिसनची बाजू सांभाळणारा त्याचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन याने पुढे ५ लाख ८७ हजार डॉलरना ती तक्रारदार कंपनीच विकत घेतली. न्यायालयाने त्याला तेवढीच रक्कम मिळेल, नफा मिळणार नाही, असे बजावले.

बांगलादेशासाठीचा पैसा अडकला…

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात येत होते. पं. रविशंकर यांनी मदत मागितली आणि १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सुमारे ४० हजार श्रोते आले. सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांच्या वादनाने झाली, तेव्हा नुसती वाद्ये लावून झाल्यावरच टाळ्या पडल्या. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर ‘युनिसेफ’कडे गेले. अल्बम आणि चित्रपटाची मोठी रक्कम मात्र अमेरिकी कर खात्याने अडवली, कारण कार्यक्रमाआधी धर्मादाय संस्थेची रीतसर नोंद केली गेली नव्हती. निर्वासितांना तेव्हा हवा असलेला पैसा बराचसा ऐंशीच्या दशकात सुटला. ब्रिटनच्या करापोटी हॅरिसनने स्वतःच्या खिशातून मोठा धनादेश दिला. ‘टॅक्समन’ लिहिणाऱ्यावर ही वेळ यावी, हा योग विचित्रच.

अखेरची वर्षे…

नंतर त्याने चित्रपटनिर्मिती केली, बागकाम केले, १९८८ मध्ये बॉब डिलनसह ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’मध्ये गायला. १९७८ मध्ये, न्यूयॉर्कच्या त्या कार्यक्रमाच्या बरोबर सात वर्षांनी १ ऑगस्टलाच, त्याला मुलगा झाला. त्याचे नाव धनी, सप्तकातल्या ‘ध’ आणि ‘नी’वरून. डिसेंबर १९९९ मध्ये एका माथेफिरूने घरात घुसून हॅरिसनला भोसकले. त्यातून तो वाचला, पण कर्करोगाने २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले. तो ५८ वर्षांचा होता.

अपुरा राहिलेला ‘ब्रेनवॉश्ड’ हा अल्बम धनी आणि जेफ लिन यांनी पूर्ण करून २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले शेवटचे गाणे संपता संपता गिटार थांबते आणि बापलेक मिळून पार्वतीपतीचा नामघोष करतात. आपल्याकडच्या पंगतींत ‘हर हर महादेव’च्या आधी म्हणतात, तोच.