खाशाबांचे पाच किलो

१५ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. १९२६ साली याच दिवशी कराडजवळच्या गोळेश्वर गावी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे हे मल्ल. त्यांच्या कुस्त्यांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. आज त्यांच्या आयुष्याकडे डॉक्टरच्या नजरेने पाहू, कारण खेळणाऱ्या मुलामुलींच्या खाण्याबद्दल त्यातून बरेच शिकण्यासारखे आहे.

पाच भावांत खाशाबा धाकटे. वडील स्वतः पहिलवान. शेतकऱ्याच्या घरात, तांबड्या मातीत त्यांचा पहिला सराव झाला. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकताना ते नुसती कुस्ती करत नव्हते. पोहणे आणि धावणेही चालू होते. वाढत्या वयात एकाच खेळाचा घाणा न ओढता शरीराला असे वेगवेगळे काम मिळाले, तर सांधे आणि हाडे चांगली घडतात. मुलगा सहावीत गेला की त्याला एकाच खेळाला जुंपणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे तालमींचे गाव. तालमीच्या भाषेत आहाराला ‘खुराक’ म्हणतात. या शब्दात एक शिस्त आहे. खुराक ठरलेल्या वेळी घ्यायचा, रोज घ्यायचा आणि मेहनतीच्या प्रमाणात घ्यायचा. दूध, तूप, बदाम ही त्यातली मिरवायची नावे. खरा आधार मात्र भाकरी, डाळ, उसळ आणि भाजीचा असतो.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. वय २२, वजनगट ५२ किलोंचा. आयुष्य मातीत गेलेले आणि तिथे कुस्ती मॅटवर. नियमही नवे. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत उतरले तेव्हा त्यांचा गट होता ५७ किलोंचा. म्हणजे ते पाच किलोंनी वरच्या गटात गेले आणि तिथे कांस्यपदक जिंकले.

या पाच किलोंवर थोडे थांबू. आज अनेक कुस्तीगीर आणि बॉक्सर मुलांना उलटे शिकवले जाते. स्पर्धा आली की खालच्या गटात बसायचे, दोन दिवस जेवण बंद करायचे, पाणी तोडायचे, स्वेटर घालून पळायचे. काटा खाली येतो, पण कमी झालेले असते ते मुख्यतः शरीरातले पाणी. ५० किलोच्या मुलाचे एक किलो पाणी गेले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, तरी त्याची दमछाक लवकर होऊ लागते. त्याहून जास्त गेले की रक्त घट्ट होते, शरीर तापते, मूत्रपिंडावर आणि हृदयावर ताण येतो. १९९७ साली अमेरिकेत वजन उतरवण्याच्या नादात महिना-सव्वा महिन्यात तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर दगावले. तिथले नियम त्यानंतर बदलले. वाढीच्या वयातल्या मुलाने तर या वाटेला जाऊच नये. वजन वाढत असेल तर गट बदलावा. चांगले खाऊन आणि मेहनत करून वाढलेले वजन हे ताकदीचे वजन असते.

आता हेलसिंकीकडे वळू. जाण्याचा खर्च मोठा होता. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. शेवटच्या टप्प्यात जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव यांच्याकडून ते हरले. त्या दोघांना अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य मिळाले. दोन लढतींच्या मध्ये नियमाने मिळायची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने बोलायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता, ही खंत त्यांच्या चरित्रात कायम सांगितली जाते.

त्या विश्रांतीचे शास्त्र सोपे आहे. जोरदार मेहनतीत स्नायू जी साखर जाळतात, तिचा साठा मर्यादित असतो. तो भरून यायला वेळ लागतो आणि अन्नही लागते. म्हणून सराव किंवा सामना संपल्यावर तासाभरात पाणी आणि काहीतरी पिष्टमय खावे: केळे, गूळ-शेंगदाणे, पोहे, भाकर आणि वरण. आपल्याकडे तालुक्याच्या स्पर्धेत एका दिवसात तीन-तीन सामने होतात. मुले सकाळी चहा-बिस्किटावर निघतात आणि दुपारी तीनला जेवतात. तिसऱ्या सामन्यात पाय उचलत नाहीत, तेव्हा त्याला दम नाही म्हणून आपण मोकळे होतो. दम असतो, पोट रिकामे असते.

मग किती खायचे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३,३०० आणि मुलीला २,५०० कॅलरी लागतात. रोज कसून सराव असेल तर त्याहून थोड्या जास्त. ५० किलोच्या खेळाडूला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने पुरतात. एक वाटी घट्ट वरण, एक वाटी हरभऱ्याची उसळ, मूठभर शेंगदाणे, दोन अंडी, दोन पेले दूध आणि दोन्ही वेळच्या भाकरी-भात यांत हे गणित जवळजवळ पूर्ण होते. यासाठी डब्यातली महागडी पावडर लागत नाही. जिममध्ये कुणी इंजेक्शन किंवा गोळी देत असेल, तर त्यात स्टेरॉइड असू शकते. वाढीच्या वयात त्याने हाडांची वाढ वेळेआधी थांबते आणि उंची कायमची खुंटते.

सेमाडोहच्या आसपास, सिपना नदीच्या काठाने, पहाटे पळणारी मुलेमुली मी रोज पाहतो. कुणाला पोलीस भरतीची १६०० मीटर धाव काढायची असते, कुणाला आश्रमशाळेकडून जिल्ह्यावर खेळायचे असते. यांच्या घरच्या शेतात आणि जंगलात खुराक आहे: कुटकी, ज्वारी, मका, तूर, नदीचे मासे, शेवग्याचा पाला, तरोट्याची भाजी. कुटकीला गरिबांचे खाणे म्हणून मुले लाजतात. त्यांनी लाजू नये. धावणाऱ्याला ती भातापेक्षा सरस आहे.

तीन गोष्टी मात्र तपासायलाच हव्यात. पहिली, रक्ताचे प्रमाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. असे रक्त घेऊन धावणारी मुलगी कितीही सराव केला तरी मागेच पडते. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. जेवणावर लिंबू पिळावे आणि जेवणासोबत चहा घेऊ नये, म्हणजे लोह अंगी लागते. दुसरी, मुलीची पाळी. सराव वाढल्यावर पाळी काही महिने बंद झाली, तर ते चांगल्या तयारीचे लक्षण समजू नका. खाणे कमी पडते आहे आणि हाडे कमजोर होत आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. तिसरी, सिकलसेल. आपल्या भागात हा आजार आहे. नुसता वाहक असलेला मुलगाही उन्हात, पाणी न पिता जिवाच्या आकांताने पळाला तर धोक्यात येऊ शकतो. तपासणी एकदाच करायची असते. वाहक निघाला तरी खेळ सोडायचा नाही. पाणी पीत राहायचे, मेहनत हळूहळू वाढवायची आणि ताप असताना पळायचे नाही.

पदक घेऊन खाशाबा कराडला उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या स्वागताला आल्या होत्या. त्यानंतर त्यांनी काय केले, हे महत्त्वाचे. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, पैसे जमवले आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलीस दलात फौजदार झाले. पुढची सुमारे २७ वर्षे नोकरीत काढून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले.

खाशाबांच्या पदकात एका गावाची वर्गणी होती आणि एका शिक्षकाचे घर होते. आपल्या गावातल्या खेळाडूसाठी एवढा त्याग कुणी मागत नाही. गावात स्पर्धा भरते तेव्हा मंडप, ढाली आणि पाहुण्यांचे हारतुरे यांची तजवीज आधी होते. त्याच खर्चातून सराव करणाऱ्या वीस मुलांना रोज मूठभर भिजवलेले हरभरे, गुळाचा खडा आणि एक उकडलेले अंडे देता येईल. ग्रामपंचायत, शाळा आणि जुने खेळाडू एकत्र बसले तर या महिन्यापासून हे सुरू होऊ शकते.