निवडुंगाच्या माळावर उभा राहिलेला कारखाना

रंगांतील भेद नीट उमगत नाही, हे लक्षात आल्यावर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना (१८६९-१९५६) चित्रकलेवर पाणी सोडावे लागले. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तेथे बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले.

बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपोटी शेतकरी नांगराला हात लावेनात. लक्ष्मणरावांनी मात्र नांगर सुधारत नेला. धंद्याचा जम बसत असतानाच नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले.

या संकटात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जागा व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभी राहिली.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत हा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. प्रत्येक आघातानंतर नव्याने आरंभ करण्याची ही वृत्ती हेच त्यांचे खरे भांडवल होते.