कोण होता हा ॲस्पर्जर?

वर्गात असा एखादा असतोच. गणितात भारी, पण कट्ट्यावर कधी येत नाही. बोलताना डोळ्यांत बघत नाही, टोमणा मारलेला त्याला कळत नाही आणि आवडीचा विषय निघाला की थांबत नाही. सिनेमे, सीरिज बघून तयार झालेले आपण लगेच निदान करून टाकतो, याला ॲस्पर्जर असणार! पण ॲस्पर्जर हे एका माणसाचं आडनाव आहे. त्याची गोष्ट कळली की हा शब्द एवढ्या सहज तोंडात येत नाही.

हान्स ॲस्पर्जर यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९०६चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचा. लहानपणी तेही एकटे एकटेच असायचे म्हणे. ग्रिलपार्झर नावाच्या कवीच्या कविता पाठ करून वर्गातल्या पोरांना ऐकवत सुटायचे, पोरं कंटाळली तरी. १९३१ मध्ये ते डॉक्टर झाले आणि व्हिएन्ना विद्यापीठाच्या बालरुग्णालयात लागले. चारच वर्षांत तिथल्या एका खास विभागाचे प्रमुखही झाले. वय तिशीच्या आत. याला दुसरी बाजूही होती. त्या रुग्णालयातून ज्यू डॉक्टरांना एकेक करून बाहेर काढलं जात होतं आणि मागे उरलेल्यांची वाट मोकळी होत होती.

विभाग मात्र खरंच वेगळा होता. शाळेनं ‘वाया गेलेली’ म्हणून पाठवलेली मुलं तिथे राहायची. त्यांच्याकडून व्यायाम, संगीत, नाटक करून घ्यायचे आणि दिवसभर त्यांचं निरीक्षण चालायचं. त्यातल्या काही मुलांनी ॲस्पर्जर यांचं लक्ष वेधलं. बोलणं मोठ्या माणसासारखं, शब्दसंग्रह जबरदस्त, पण दोस्त एकही नाही. आपल्याच जगात दंग. १९४४ मध्ये त्यांनी या मुलांवर निबंध छापला. त्यात चार मुलांची सविस्तर वर्णनं होती. पहिल्याच वर्षाला असताना न्यूटनच्या गणितातली चूक काढणारा आणि पुढे खगोलशास्त्राकडे वळलेला एक विद्यार्थीही त्यात होता. या मुलांना नीट समजून घेतलं तर ती समाजाच्या उपयोगी पडतील, असं ॲस्पर्जर यांचं म्हणणं होतं.

आता ‘उपयोगी’ हा शब्द जरा लक्षात ठेवा.

मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. १९४० मध्ये व्हिएन्नातच ‘आम श्पीगलग्रुंड’ नावाची मुलांची संस्था सुरू झाली. वरून रुग्णालय, पण ज्या मुलांचा देशाला उपयोग नाही असं ठरायचं, त्यांना तिथे झोपेच्या औषधाचे डोस देऊन, उपाशी ठेवून मारलं जायचं. मृत्यूचं कारण म्हणून बऱ्याचदा न्यूमोनिया लिहिला जायचा. अशी जवळपास ८०० मुलं तिथे गेली.

हेर्टा नावाची मुलगी त्यातलीच. मेंदूच्या आजारानं तिची वाढ खुंटली होती. जून १९४१ मध्ये ॲस्पर्जर यांनी तिला तपासलं. ही पोर आईला न पेलणारं ओझं आहे, तिला कायमचं श्पीगलग्रुंडला ठेवणं गरजेचं आहे, अशा अर्थाचा शेरा लिहून त्यांनी सही केली. २ सप्टेंबरला हेर्टा गेली. आदल्याच दिवशी तिला तीन वर्षं पूर्ण झाली होती. पुढच्या वर्षी ॲस्पर्जर एका समितीवर होते. तिनं २०० हून अधिक मुलांची वर्गवारी केली आणि ३५ मुलांना शिकवण्यालायक नाहीत असं ठरवलं. तीही श्पीगलग्रुंडला गेली, परत आली नाहीत.

तिथे काय चालतं हे ॲस्पर्जर यांना नेमकं किती माहीत होतं, यावर अभ्यासक अजून भांडतात. ते नाझी पक्षाचे सभासद नव्हते, हेही खरं. पण सह्या त्यांच्याच आहेत.

युद्धानंतर त्यांना कुणी जाब विचारला नाही. उलट ते प्राध्यापक झाले, मान मिळवला. आपण मुलांना वाचवलं, गेस्टापो आपल्यालाच पकडायला आले होते, असं ते सांगत राहिले. २१ ऑक्टोबर १९८० रोजी ते वारले. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनच्या लोर्ना विंग यांच्या लेखामुळे ‘ॲस्पर्जर सिंड्रोम’ हे नाव जगभर पोचलं. जुन्या कागदपत्रांचा सगळा हिशेब हेर्विग चेक या इतिहासकारानं २०१८ मध्ये मांडला.

डॉक्टरांनी मात्र हे नाव त्याआधीच बाजूला ठेवायला सुरुवात केली होती, वेगळ्या कारणानं. बोलकी, हुशार मुलं एका खोक्यात आणि न बोलणारी दुसऱ्या, अशी रेघ प्रत्यक्षात ओढताच येईना. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत एकच नाव आहे, ऑटिझम स्पेक्ट्रम. मराठीत स्वमग्नता. हा काही लागलेला आजार नाही आणि आईबापांच्या वागण्यामुळेही तो होत नाही. मेंदूची घडणच लहानपणापासून वेगळी असते. कुणाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, कुणाला रोजचा रस्ता बदललेला चालत नाही. कुणी इंजिनीअर होतो, कुणाला आयुष्यभर जेवू घालावं लागतं. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे आणि तिथे हक्क मिळवायला हुशारीची अट नाही.

ॲस्पर्जर यांना काही मुलांमधली चमक दिसली, हे खोटं नाही. पण चमक असेल तरच मूल जपायचं, हा हिशेब एकदा मान्य केला की हेर्टासाठी जागाच उरत नाही. आजही स्वमग्न मुलांचं कौतुक करताना आपण लगेच आइनस्टाइनपर्यंत पोचतो, तेव्हा नकळत तोच हिशेब करत असतो. वर्गातल्या त्या गणितवाल्याला कट्ट्यावर जरूर बोलवा. पण घरी त्याचा एखादा भाऊ असेल, कधीच न बोलणारा, तर त्यालाही जागा हवी. त्याला गणित येवो न येवो.