मचाणावर चढण्याआधी अटी घालणारा शिकारी : जिम कॉर्बेट

ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो. चार मेढी, वर फळ्या, अंगावर घोंगडी, हातात बॅटरी. रानडुकरांनी पिकात घुसू नये म्हणून रात्रभर जागायचं. जंगलात असाच माळा झाडावर बांधला की त्याला मचाण म्हणतात. फरक एवढाच, की माळ्यावरचा माणूस पीक राखतो आणि मचाणावरच्या माणसाच्या हातात त्या काळी बंदूक असायची.

बंदूक हातात आली की प्रश्न उभे राहतात. रान सगळ्यांचं आहे, मग तिथे एका वेळी किती बंदुका? गोळी नक्की कोणावर? आणि नेम चुकून जनावर जखमी झालं, तर त्याचं पुढे कोणी भोगायचं? हिमालयाच्या पायथ्याशी वाढलेल्या एका माणसाने या प्रश्नांची उत्तरं आपल्या वागण्यातून दिली. त्याचं नाव जिम कॉर्बेट. कुमाऊं आणि गढवालचे डोंगरी लोक त्यांना कारपेट साहेब म्हणायचे.

पोस्टमास्तरचा पोरगा

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. घरात पोरांचा मोठा गोतावळा. जिम सहा वर्षांचा असेल-नसेल तोच वडील गेले. आईने हिमतीने संसार ओढला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली कालाढुंगीला, असं कुटुंबाचं वर्ष जायचं. कालाढुंगीच्या घरामागे जंगलच होतं. पोरगा तिथेच वाढला.

आधी गलोल, मग जुनी, नळी फुटलेली ठासणीची बंदूक. जंगलातला त्याचा गुरू होता कुंवर सिंग. हा गावचा प्रमुख माणूस, पण चोरून शिकार करण्यातही पटाईत. त्याने पोराला झाडावर चढायला शिकवलं. जंगलात जायचं तर झाडावर चढता आलंच पाहिजे, हा त्याचा पहिला धडा. पाऊलखुणा वाचायच्या, पाखरांच्या आणि वानरांच्या ओरडण्यावरून वाघ कुठे चाललाय ते ओळखायचं, हे सगळं जिम असंच फिरता फिरता शिकला.

घरची परिस्थिती बेताची. सतरा-अठराव्या वर्षीच शिक्षण सोडून तो रेल्वेत लागला. पुढे बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर मालाची चढउतार करण्याचं कंत्राट घेतलं आणि वीसेक वर्षं तिथे हमालांच्या बरोबरीने राबला. म्हणजे हा पोटापाण्यासाठी शिकार करणारा माणूस नव्हता. नरभक्षक मारायचा तो सुट्टी काढून, पदरमोड करून.

चंपावत : आधी दोन अटी

१९०७ साली कुमाऊंत चंपावतच्या वाघिणीने कहर केला होता. नेपाळात दोनशे आणि इकडे दोनशेच्या वर माणसं तिने मारल्याची नोंद होती. एकूण आकडा ४३६ सांगितला जातो. गावंच्या गावं दारं लावून बसली होती. सरकारने कॉर्बेट यांना गळ घातली.

ते तयार झाले, पण दोन अटी घालून. पहिली अट, वाघिणीवर लावलेलं बक्षीस आधी रद्द करा. दुसरी, त्या भागात सोडलेले बाकीचे शिकारी आणि शिपाई आधी माघारी बोलवा.

आज वाचताना हे साधं वाटतं, पण जाहीर रानातल्या शिकारीचा पहिला नियम यातच आहे. बक्षिसासाठी शिकार करणाऱ्यांत आपली गणना झालेली त्यांना नको होती. शिवाय बक्षीस लागलं की हौशे-नवशे रानात उतरतात. कोण कुठल्या झाडावर बसलाय याचा कोणाला पत्ता नसतो. अंधारात पाला हलला की गोळी सुटते, आणि पाल्यामागे वाघच असेल असं नाही, दुसऱ्या झाडाखालचा माणूसही असू शकतो. दुसऱ्याच्या गोळीने मरायची आपली तयारी नाही, हे कॉर्बेट यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं.

ती वाघीण शेवटी मचाणावरून नाही, हाका घालून मारली गेली. तीनशेच्या आसपास गावकरी ढोल, ताशे, डबे वाजवत डोंगरावरून उतरले. कॉर्बेट यांच्या जवळची काडतुसं संपली, तेव्हा बरोबरच्या तहसीलदाराची बंदूक घेऊन त्यांनी शेवटचा बार टाकला.

मग तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले. कधीतरी कोणाच्या तरी गोळीने ते तुटले होते. सुळे गेल्यावर नेहमीचं सावज तिला धरता येईना, म्हणून ती माणसावर आली. कोणीतरी एक चुकीचा बार टाकला, जखमी वाघिणीचा माग न काढता घरी गेला, आणि त्याची किंमत शेकडो घरांनी मोजली. ही गोष्ट कॉर्बेट यांच्या मनात कायमची बसली.

पनार : काटेरी फांद्यांचं कुंपण

तीनच वर्षांनी, १९१० मध्ये, पनारच्या बिबट्याचा बंदोबस्त करायची वेळ आली. याच्या नावावर चारशे माणसं होती. वाघ सहसा झाडावर येत नाही. बिबट्या येतो. म्हणजे मचाणावर बसलेला शिकारीच त्याचं सावज होऊ शकतो.

कॉर्बेट यांनी झाड निवडलं, बोकड बांधला आणि काटेरी झुडपाच्या फांद्या कापून आणून आपल्या खाली बुंध्याला दोरीने घट्ट बांधून घेतल्या. अंधार पडला. बिबट्याने आधी बोकडाकडे पाहिलंच नाही. तो सरळ झाडाकडे आला आणि काट्यांच्या फांद्या दातात धरून ओढू लागला. फांद्या सैल बांधल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. काटे हटेनात तेव्हा तो बोकडाकडे वळला. बंदुकीच्या नळीच्या टोकाला पांढरं फडकं बांधलेलं होतं, त्याच्या अंदाजाने कॉर्बेट यांनी बार टाकला.

बिबट्या जखमी झाला आणि अंधारात पडून राहिला. खरी कसोटी इथून पुढे होती. जखमी नरभक्षक रात्रभर गावाजवळ सोडायचा नाही, म्हणून गावकऱ्यांनी चिडाच्या लाकडाच्या मशाली पेटवल्या आणि कॉर्बेट पुढे झाले. बिबट्या चालून आला तशी मागची माणसं मशाली टाकून पळाली. खाली पडलेल्या त्याच मशालींच्या उजेडात त्यांनी त्याला छातीत गोळी घातली.

मचाणाचे न लिहिलेले नियम

त्या काळी राखीव जंगलाचे भाग पाडून परवान्यावर शिकार चालायची. कागदावरचे नियम होते, पण मचाणावर रात्री पाहायला कोणी नसतं. तिथे जो तो आपल्या मनाचा मालक. कॉर्बेट यांच्या शिकारी पाहिल्या की त्यांनी स्वतःवर घातलेली बंधनं दिसतात.

जनावर नीट दिसल्याशिवाय आणि ओळख पटल्याशिवाय शक्यतो गोळी नाही. जखमी केलं तर त्याचा माग काढून शेवट करायचा, मग त्यात जीव गेला तरी चालेल. मारलेल्या माणसाजवळ मचाण बांधायचं तर त्या घरच्या माणसांना विचारून, कारण ते नुसतं आमिष नसतं, कोणाची तरी आई, कोणाचं तरी पोर असतं. आणि रात्री मचाणावरून घाईने खाली उतरायचं नाही.

रुद्रप्रयाग : आंब्याचं झाड

सगळ्यात लांबलेली लढाई रुद्रप्रयागची. केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवर १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं एका बिबट्याची दहशत होती. सरकारी नोंदीत १२५ बळी. अंधार पडला की यात्रेची वाट ओस पडायची. दहा हजार रुपये आणि दोन गावं असं इनाम लागलं. तीनशेच्या वर जादा बंदुकीचे परवाने वाटले. उपयोग शून्य. १९२१ साली दोन तरुण इंग्रज दोन महिने झुलत्या पुलाच्या बुरुजांवर बसले होते. एकाने बार टाकला, गोळी मागच्या पायाच्या पंजाला चाटून गेली. बिबट्या निसटला आणि पुढची पाच वर्षं माणसं मरत राहिली.

कॉर्बेट १९२५ मध्ये आले. त्याच पुलाच्या बुरुजावर वीस रात्री बसले. बिबट्या फिरकला नाही. विष वापरलं, लोखंडी सापळा लावला. सापळ्यात एक बिबट्या अडकला, त्याला मारलं, लोकांनी आनंद केला. पण तो भलताच निघाला, नरभक्षक मोकळाच होता. ओळख न पटता मारलेल्या जनावराने कोणाचा जीव वाचत नाही, हे तिथे सगळ्यांनीच पाहिलं.

शेवटी गुलाबराय इथे वाटेच्या कडेच्या आंब्यावर त्यांनी मचाण बांधलं. खाली गळ्यात घंटी बांधलेला बोकड, जवळच यात्रेकरूंची धर्मशाळा. दहाएक रात्री कोऱ्या गेल्या. १९२६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला एका रात्री घंटी जोरात वाजली. बॅटरीचा झोत टाकला, समोर बिबट्या, एकच गोळी. तेवढ्यात बॅटरी गेली. लागली की नाही, काही कळेना. कॉर्बेट खाली उतरले नाहीत. अंधारात तसेच बसून राहिले आणि उजाडल्यावरच झाड सोडलं. म्हातारा बिबट्या थोड्याच अंतरावर मरून पडला होता. मागच्या पायाच्या पंजाला जुन्या गोळीची खूण होती. बोकड मात्र जिवंत राहिला. त्याच्या गळ्यात पितळी पट्टा आला आणि त्याला बघायला माणसं येऊ लागली. त्या जागी आज फलक आहे.

बंदूक खाली, कॅमेरा हातात

कॉर्बेट काही जन्माने संत नव्हते. हौसेच्या शिकारीही त्यांनी केल्या. पवळगढचा प्रचंड वाघ त्यांनी १९३० मध्ये मारला, तो नरभक्षक नव्हता. पिपळपाणीच्या वाघाची गोष्ट तर त्यांच्याच गावाजवळची. तो वाघ बच्चा असल्यापासून त्यांनी त्याचे माग पाहिले होते. कोणीतरी रात्री त्याच्यावर छर्ऱ्याचा बार टाकला. जखमी वाघ उद्या माणसावर येईल, या भीतीने कॉर्बेट यांनाच त्याला मारावं लागलं. दुसऱ्याची चूक यांनी निस्तरली, पण ओळखीचा वाघ गेला.

हळूहळू बंदुकीऐवजी कॅमेरा हातात आला. झाडावर, ओढ्याकाठी दबा धरून ते वाघांची हलती चित्रं घेऊ लागले. बसायची जागा तीच, चिकाटीही तीच, फक्त शेवटी जनावर जिवंत परत जायचं. शाळांतून फिरून ते पोरांना जंगलाबद्दल सांगू लागले. १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात हेली नॅशनल पार्क झालं, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्यामागे त्यांचाही हात होता. नरभक्षकांसाठी मात्र ते जात राहिले. ठाकची वाघीण त्यांनी १९३८ मध्ये मारली, तेव्हा वय होतं ६३.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्याच्या जंगलात सैनिकांना रानात टिकून राहायचं शिक्षण दिलं. त्यांचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं गाजलेलं पुस्तक १९४४ साली मुंबईतून निघालं. त्याचे सुरुवातीचे पैसे त्यांनी युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी दिले.

छोटी हल्द्वानी

शेतकऱ्याला जवळची वाटेल अशी त्यांची ओळख वेगळीच आहे. कालाढुंगीजवळ त्यांनी छोटी हल्द्वानी नावाचं गाव वसवलं. सुमारे चाळीस कुळं होती. रानडुकरं आणि हरणं पीक खायची, म्हणून त्यांनी गावाभोवती काही मैल लांबीची दगडी भिंत घातली. पिकाच्या राखणीसाठी गावाला एक बंदूक दिली. आधी भिंत, बंदूक नंतर, असा हा विचार होता. लग्न त्यांनी केलंच नाही. १९४७ मध्ये बहीण मॅगीला घेऊन ते केनियाला गेले. जमिनी कुळांनाच राहिल्या.

शेवटचं मचाण

केनियात न्येरी इथे ते राहिले. जवळच ट्रीटॉप्स नावाचं ठिकाण होतं, मोठ्या झाडावर बांधलेली लाकडी घरं. तिथे बसून पाण्यावर येणारे हत्ती, गेंडे बघायचे. मचाणच ते, पण फक्त बघण्यासाठी. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथे एक रात्र राहिली. सत्तरी ओलांडलेले कॉर्बेट सोबतीला होते. त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये राजाचं निधन झालं. झाडावर राजकन्या म्हणून चढलेली मुलगी उतरली ती राणी होऊन.

१९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीत कॉर्बेट गेले. १९५७ साली हेली पार्कला त्यांचं नाव मिळालं.

आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. माणसावर आलेल्या जनावराचा निर्णयही वनखातंच घेतं. तरी उसात बिबट्या दिसला की शंभर माणसं काठ्या आणि मोबाईल घेऊन पळतात. रानडुकरासाठी कोणी शेताभोवती वीज सोडलेली तार लावतो आणि पहाटे शेजारचाच माणूस तिला चिकटतो. अंधारात ओळख न पटवता टाकलेला बार आणि ही तार, यांत फरक काय? चंपावतच्या वाघिणीचे सुळे तोडणारा कोण होता, ते कोणालाच कळलं नाही. भोगलं मात्र गावांनी.