उपासनामंदिरांतून आलेला गायक : सॅम कुक

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांच्या उपासनामंदिरांत जीं भक्तिगीतें गातात, त्यांस 'गॉस्पेल' म्हणतात. आपल्याकडील भजनाप्रमाणें तेथेंहि एक मुख्य गायक पद उचलतो, बाकीचे साथ देतात, आणि रंग भरूं लागला म्हणजे समोरील मंडळीहि टाळ्या देत त्यांत सामील होतात. अशा गायनांत तयार झालेला गळा करमणुकीच्या गाण्यांस द्यावा कीं न द्यावा, हा प्रश्न ज्याच्या आयुष्यास कायमचा चिकटून राहिला, त्या सॅम कुकची हकीकत आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळीस सांगणार आहों.

सॅमचा जन्म ता. २२ जानेवारी १९३१ रोजीं मिसिसिपी राज्यांतील क्लार्क्सडेल ह्या गांवीं झाला. त्याचे वडील चार्ल्स कुक हे पाळक होते. दक्षिणेंत कृष्णवर्णीयांस पोट भरणें व मान राखणें दोन्ही कठीण, म्हणून १९३३ सालीं हें कुटुंब शिकागो शहरीं गेलें. तेथें सॅम आपल्या भावंडांबरोबर वडिलांच्या उपासनेंत गाऊं लागला. तो लहानपणीं जमिनींत लांकडी काड्या ओळीनें रोवी, त्यांसच श्रोते समजे व त्यांच्यापुढें गात बसे, अशी आठवण त्याच्या भावानें पुढें सांगितली आहे. शाळेंत असतांनाच तो तरुण भक्तिगायकांच्या एका मेळ्यांत शिरला.

त्या काळीं 'सोल स्टिरर्स' हा भक्तिगायकांचा मेळा देशभर गाजलेला होता. त्याचे मुख्य गायक आर. एच. हॅरिस हे १९५० च्या अखेरीस मेळा सोडून गेले, आणि त्यांच्या जागीं वीस वर्षेंहि पुरीं न झालेला सॅम उभा राहिला. हॅरिस ह्यांचा आवाज फार उंच चढे. सॅमला तें साधेना. तेव्हां सुराशीं झुंज न घेतां तो त्यास अलगद वळण देऊन, लाटेसारखा खालींवर झुलवून नेऊं लागला. जी उणीव होती तीच त्याची ओळख झाली. पुढें त्यानें जीं जीं गाणीं गाइलीं, त्या सर्वांत हा झोका ऐकूं येतो. मार्च १९५१ मध्यें मेळ्याच्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या व त्याचें नांव घरोघर पोंचलें.

परंतु भक्तिगायकांचें उत्पन्न बेताचें असे, आणि ऐकणाराहि आपल्याच समाजांतला. सॅमच्या मनांत सर्व लोकांसमोर गाण्याची इच्छा होती. १९५६ सालीं त्यानें एक प्रेमगीत गाइलें, तें 'डेल कुक' ह्या खोट्या नांवानें. नांव लपलें, पण गळा कसा लपावा? श्रोत्यांनीं त्यास तेव्हांच ओळखलें. पुढील वर्षीं त्याच्या मुद्रिका काढणाऱ्या मंडळीचे मालक आर्ट रूप ह्यांस त्याचीं नवीन गाणीं रुचलीं नाहींत, आणि दोघांची फारकत झाली. १९५७ सालींच दुसऱ्या एका लहान मंडळीनें त्याचें 'यू सेंड मी' हें गीत बाहेर काढलें. तें देशांत पहिल्या क्रमांकावर गेलें व त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ह्याच सुमारास त्यानें आपल्या इंग्रजी आडनांवाच्या शेवटीं एक जादा अक्षर जोडलें. आपल्या बाळबोध लिपींत मात्र तो फरक दिसत नाहीं.

त्याच्या जुन्या चाहत्यांपैकीं पुष्कळांस हें धर्म सोडण्यासारखें वाटलें. वडिलांनीं मात्र त्यास दोष दिला नाहीं. देवानें दिलेला आवाज लोकांस आनंद देण्यासाठींच आहे, असें त्यांचें मत होतें. पाळकाच्या तोंडीं हें मत पाहून आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. आम्हांस तें उदार वाटतें.

व्यवहारांतहि सॅम चतुर निघाला. गायकास थोडी रक्कम देऊन गीतांचे हक्क मुद्रिकावाल्यांनीं आपल्याकडे ठेवावे, असा त्या काळचा रिवाज होता. सॅमनें जे. डब्ल्यू. अलेक्झांडर ह्यांच्या भागीदारींत स्वतःची गीतप्रकाशनाची व पुढें मुद्रिकांचीहि संस्था काढली. १९६० पासून तो स्वतः आर. सी. ए. ह्या बड्या मंडळीसाठीं गाऊं लागला, परंतु आपल्या संस्थेंत त्यानें भक्तिगीतांस अग्रस्थान दिलें. ज्या मेळ्यास सोडून आला, त्या 'सोल स्टिरर्स' मेळ्याच्याच मुद्रिका त्यानें तेथें काढल्या. बॉबी वोमॅक व त्याचे भाऊ ह्यांच्यासारख्या तरुणांसहि त्यानें पुढें आणलें.

कीर्ति मिळाली, पैसा मिळाला. पण कातडीचा रंग तोच होता. १९६१ सालीं मेंफिस येथें गोऱ्या व काळ्या श्रोत्यांस निरनिराळें बसविणार असें कळतांच त्यानें गाण्याचें नाकारलें. १९६३ च्या जूनमध्यें त्याचा दीड वर्षाचा मुलगा घरच्या पोहण्याच्या तलावांत बुडून मरण पावला. त्या दुःखांतून तो सांवरतो न सांवरतो तोंच, ता. ८ ऑक्टोबर रोजीं लुइझियाना राज्यांतील श्रीव्हपोर्ट येथें, जागा आगाऊ ठरविलेली असूनहि त्यास हॉटेलांत उतरूं दिलें नाहीं. त्यानें आवाज उठविला. परिणाम असा झाला कीं, शांततेचा भंग केल्याच्या आरोपावरून त्यासच सोबत्यांसह पोलिसांनीं पकडलें.

त्याच सुमारास बॉब डिलन नांवाच्या गोऱ्या तरुणाचें अन्यायाविरुद्धचें एक गीत त्याच्या कानीं आलें. आपल्या लोकांचें दुःख एका परक्या मुलानें मांडावें आणि आपण मात्र प्रेमाचीं गाणीं गात राहावें, ह्याची त्यास खंत वाटली. तेव्हां त्यानें 'अ चेंज इज गॉना कम' हें गीत रचिलें. नांवाचा अर्थ असा कीं, पालट होणार आहे. ता. ३० जानेवारी १९६४ रोजीं रेने हॉल ह्यांच्या भारदस्त वाद्यरचनेसह तें मुद्रित झालें. आमच्या समजुतीप्रमाणें ह्या गीतांत त्याच्या आयुष्याचे दोन्ही भाग एकत्र आले. विषय भररस्त्यावरील अपमानाचा, आणि स्वर वडिलांच्या उपासनामंदिरांतला. दूरचित्रवाणीवर तें त्यानें फेब्रुवारींत गाइलें, पण त्या प्रयोगाचें चित्रमुद्रण टिकलें नाहीं.

ता. ११ डिसेंबर १९६४ रोजीं लॉस एंजेलिस येथील एका मोटेलांत तेथील व्यवस्थापिकेनें झाडलेल्या गोळीनें त्याचा अंत झाला. तो त्या वेळीं ३३ वर्षांचा होता. चौकशींत तें कृत्य आत्मरक्षणाचें ठरलें. त्याच्या आप्तांस तो निर्णय पटला नाहीं. तो त्या रात्रीं तेथें ज्या कारणानें गेला तें त्यास भूषणावह नव्हतें, आणि ही गोष्ट मुलांपासून झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. शिकागो व लॉस एंजेलिस ह्या दोन्ही ठिकाणीं त्याच्या अंत्यविधीस लोकांची अपार गर्दी लोटली.

त्याच महिन्याच्या २२ तारखेस तें गीत स्वतंत्र मुद्रिकेवर निघालें, तेंहि दुसऱ्या बाजूस. पुढच्या बाजूस एक नाचाचें गाणें होतें. रेडिओसाठीं त्यांतील एक कडवें गाळलें होतें, आणि तें नेमकें कृष्णवर्णीयांस होणाऱ्या मज्जावाविषयींचें होतें. तरीहि समान हक्कांसाठीं झगडणाऱ्या लोकांनीं तें उचलून धरलें. श्रीव्हपोर्ट शहराच्या महापौरांनीं १९६३ च्या त्या अटकेबद्दल कुकच्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली, ती २०१९ सालीं.