केडगावच्या माळावरील पंडिता

आमच्या घोटीला पावसाचे कौतुक कोणी करीत नाही. तो येतो, भातखाचरे भरतो आणि चार महिने कपडे वाळू देत नाही. त्यामुळे दुष्काळ हा शब्द मला कळला तो आजीकडून. तिचे माहेर सिन्नरच्या बाजूचे. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. तांबड्या मिलोची भाकरी आणि वाटपातली सुकडी यांची चव तिला अजून आठवते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले तेव्हा त्यातील दुष्काळाची पाने मी आजीला वाचून दाखविली. ती मधूनमधून नुसती मान हलवीत होती. विदुषी रमाबाई आपणांस पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतात. या लेखात मला सांगायची आहे ती भूक जाणणारी रमाबाई.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, रमेला संस्कृत शिकविले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. जे मिळेल ते दानधर्मात जाई. अशातच मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. अंगावरचे दागिने गेले, भांडी गेली, शेवटी रानातला पाला खाण्याची पाळी आली. पुराण सांगणाऱ्या घराला अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. १८७४ साली वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मागोमाग थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

मग भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी निघाल्या. दक्षिणेतून थेट पंजाब-काश्मीरपर्यंत! झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नसल्यामुळे दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली. सारे चरित्र विसरले तरी हा प्रसंग मी विसरणार नाही.

पुढची हकीकत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला. कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ साली पती पटकीने गेले. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे बाप्तिस्मा घेतला. तेथून अमेरिका. तेथील मंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले आणि त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८९३ साली सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते असा मोठा गवगवा झाला. केसरीने कडक टीका केली, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यात रमाबाई जवळजवळ एकट्या पडल्या.

आणि १८९६ साली पुन्हा दुष्काळ आला, या वेळी मध्य प्रांतात. ती बातमी वाचून रमाबाईंना आपली सोळाव्या वर्षाची भूक आठवली असेल, यात नवल ते काय? पण हातात पैसा नव्हता. अमेरिकेची दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. त्यांनी प्रार्थना केली आणि पैशाची वाट न पाहता त्या निघाल्या. अनाथ, निराधार माणसांसाठी उघडलेली सरकारी गरीबघरे त्यांनी पाहिली. तेथे अन्न अपुरे होतेच, पण तरुण मुलींची अब्रूही सुरक्षित नव्हती. दुष्काळात पोरींना हेरणारे दलाल टपलेले असतात हे त्यांनी जाणले. म्हणून त्या मुलीच गोळा करू लागल्या. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. कोणी हाडांचा सापळा, कोणी अंगभर फोडांनी भरलेली.

त्यांना ठेवायचे कोठे? पुण्यात तेव्हा प्लेग शिरला होता. (त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.) शहरात एवढ्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली. पुण्याच्या पूर्वेला केडगाव स्टेशनजवळ रमाबाईंनी शंभर एकर माळ घेतला होता. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा तो बेत. त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या, आणि तेथेच १८९८ साली मुक्ती सदनाच्या इमारती झाल्या. प्लेगच्या सरकारी दवाखान्यातील आपल्या एका मुलीच्या हालांबद्दल त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात उघड लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरने ते नाकारले, पण त्यांनी माघार घेतली नाही.

१८९९-१९०० मध्ये गुजरात, काठेवाड, राजपुताना होरपळला. तिकडचे लोक त्याला छप्पनिया म्हणतात. आता रमाबाईंनी आपल्या संस्थेतील कार्यकर्त्यांना तिकडे पाठविले आणि मुक्तीतील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. दीड हजार पाने रोज दोन वेळा मांडायची! आमच्याकडे लग्नात पाचशे पाने उठली तर आचारी चार दिवस थकून पडतो. सकाळी चर्चमध्ये सर्वांची प्रार्थना होई आणि मग शेती, गुरे, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती; तिने आंधळ्या मुलींना वाचायला शिकविले. आलेली मुलगी नुसती जेवून बसत नसे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आजीलाही खडी फोडल्याचा अभिमान आहे, सुकडी घेतल्याचा नाही.

यांतील पुष्कळ मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. भुकेल्याच्या तोंडात घास घालून धर्म दिला, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही वर्गात आमचे यावरून भांडण होते. उपकाराखाली दबलेले लहान मूल मोकळ्या मनाने धर्म निवडू शकते का, ही शंका मला खोटी वाटत नाही. परंतु ती शंका घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वर्षी मध्य प्रांताचे तिकीट काढले, हेही विचारावेसे वाटते. मी आजीला हेच विचारले. ती म्हणाली की पोरगी आधी जिवंत राहू दे, मग ती भांडेल तिचे ती.

अखेरची सुमारे अठरा वर्षे रमाबाई एका कामात गढून गेल्या होत्या. पंडिती मराठी मुक्तीतल्या बायकांना कळत नाही म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. त्याचे खिळे जुळविले, छपाई केली ती तेथल्याच बायकांनी. १९२१ साली मनोरमा आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाईंचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.